तिसऱ्या दिवसाची भेट

सतरंजीच्या मधोमध मोज्यांचा ढीग होता. शाळेच्या गणवेशावर घालतात तसले तपकिरी, मातकट मोजे. शेजारी कापसाचा पुडा, सुई-दोरा आणि गडद रंगाच्या चिंध्या. बीड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वरच्या मजल्यावरचा हॉल. खाली ओपीडीची रांग, वर तीसेक आशा, चार एएनएम सिस्टर आणि दोन गटप्रवर्तक. ऑगस्टचा पहिला आठवडा, म्हणजे स्तनपान सप्ताह. दरवर्षी या आठवड्यात बॅनर लागतो, आईचं दूध अमृत असल्याचं कुणीतरी सांगतं, फोटो निघतो, चहा होतो. यंदा प्रशिक्षण देणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "आज भाषण नाही. आज प्रत्येकीनं एक स्तन शिवायचा."

हॉलभर पदर तोंडाला लागले. मग हळूहळू सुया चालू लागल्या. मोज्यात कापूस भरायचा, गोल आकार आणायचा, पुढे गडद चिंधी टाचून काळा भाग करायचा आणि मधोमध दोरा आवळून बोंड काढायचं. जागतिक आरोग्य संघटनेच्या स्तनपान समुपदेशन प्रशिक्षणात असंच कापडी मॉडेल वापरतात. महागडं काही लागत नाही. तासाभरात तीस कापडी स्तन तयार झाले आणि हसू थांबलं. कारण आता सिस्टरांनी एक बाहुली उचलली, एका आशाताईच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "पाजून दाखवा."

ताईंनी बाहुली आडवी धरली, मान वळवली आणि बोंड तिच्या तोंडाला लावलं. तीन मुलांची आई, बारा वर्षांची नोकरी. सिस्टरांनी विचारलं, "मान अशी खांद्याकडे वळवून तुम्ही पाणी पिऊन बघा बरं." ताईंनी खरंच बाटली उचलली, मान वळवली, घोट घेतला आणि थांबल्या. घोट उतरेना. "अरे देवा," त्या म्हणाल्या, "लेकराला असंच होत असंल की."

त्यानंतर सिस्टरांनी तीन प्रश्न विचारले. तुमच्यापैकी आई किती जणी? जवळपास सगळे हात वर. तुम्हाला बाळंतपणात लेकरू छातीशी कसं धरायचं हे शेजारी बसून कुणी दाखवलं? दोन हात, दोघींनाही त्यांच्या आईनं. आणि तुम्ही तुमच्या गावातल्या किती बाळंतिणींना दाखवलंत? बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागच्या रांगेतून आवाज आला, "सांगतो ना मॅडम. दाखवत नाही."

गेली कित्येक वर्षं आपला सगळा स्तनपानाचा कार्यक्रम या दोन शब्दांमधल्या फटीत अडकला आहे. आईचं दूध चांगलं, हे न ऐकलेली बाई आज महाराष्ट्रात शोधून सापडायची नाही. भिंतींवर लिहिलंय, माता-बाल कार्डावर छापलंय, अंगणवाडीत टांगलंय. पहिल्या तासात पाजा, सहा महिने निव्वळ अंगावरचं द्या, पाणीसुद्धा नको, मग वरच्या आहाराबरोबर दोन वर्षं आणि पुढेही पाजत राहा. वाक्य पाठ आहे. पण रात्री दोन वाजता रडणारं लेकरू, चिरलेली बोंडं, दगडासारखी छाती आणि शेजारी "हिला दूधच नाही" म्हणणारी सासू, या चौघांमध्ये सापडलेल्या मुलीला ते वाक्य काही उपयोगाचं नसतं. तिला कुणीतरी शेजारी बसून एकदा पूर्ण पाजणं बघायला हवं असतं.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत, म्हणजे २०१५-१६ मध्ये, देशात ७८.९ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, हा आकडा ८८.६ टक्क्यांवर गेला. अभिमान वाटावा अशीच ही झेप आहे. त्याच काळात जन्मानंतर तासाभरात अंगावर घेतलेल्या मुलांचं प्रमाण ४१.६ वरून ४१.८ झालं. दर शंभरातल्या दहा बायका जास्तीच्या दवाखान्यात आल्या. तिथे डॉक्टर होते, सिस्टर होत्या, भिंतीवर पोस्टर होतं. आणि पहिला तास होता तिथेच राहिला. सहा महिने निव्वळ अंगावर पिणाऱ्या मुलांचं प्रमाण मात्र ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं, हे मान्य करायलाच हवं. तरी शंभरातली छत्तीस मुलं त्याबाहेर होती.

पहिला तास का चुकतो, हे कुठल्याही प्रसूतिकक्षाबाहेर अर्धा दिवस बसलं की कळतं. बाळ जन्मलं की पुसलं जातं, वजन होतं, गुंडाळलं जातं आणि बाहेर आजीच्या हातात येतं. आईला टाके घालायचे असतात. सीझर असेल तर ती अजून टेबलावर असते. सिस्टर एकटी, दुसरी बाई कळा देतेय. बाळाला आईच्या उघड्या छातीवर, कातडीला कातडी लावून ठेवायचं, हे सिस्टरला माहीत नसतं असं नाही. ते करताना आईच्या अंगावर काय टाकायचं, बाळ घसरू नये म्हणून हात कुठे ठेवायचा, टाके चालू असताना हे कसं साधायचं, हे तिला कुणी करून दाखवलेलं नसतं. सीझर झालेल्या बाईला कुशीवर वळवून पाजता येतं, हेही तसंच. त्याच पाचव्या फेरीनुसार देशात २१.५ टक्के बाळंतपणं सीझरची होती आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के. इतक्या बायकांना पहिला दिवसभर "तुला उठता येत नाही, बाळाला डब्याचं दे" असं सांगितलं जात असेल, तर तो दोष त्यांच्या दुधाचा नाही.

इथे मला माझं सांगायलाच हवं. माझी मोठी मुलगी एका खासगी नर्सिंग होममध्ये झाली. तिसऱ्या रात्री ती थांबेचना. ड्यूटीवरच्या बाईंनी डोकावून पाहिलं, म्हणाल्या, "दूध पुरत नसेल," आणि पावडरचं दूध वाटी-चमच्यानं पाजलं. मुलगी झोपली. मी रडले. पुढच्या रात्रीही तेच. अडीच महिन्यांत माझं दूध आटलं, आणि माझ्यात काहीतरी कमी होतं असं मी पंधरा वर्षं मानत आले. त्या रात्री माझ्यापाशी कुणी दहा मिनिटं बसलं नाही. माझी छाती कुणी पाहिली नाही, मुलीचं तोंड कुणी पाहिलं नाही. आता या हॉलमध्ये बसून बाहुलीची वळलेली मान बघताना मला कळलं की मीही तिला अगदी तशीच धरत होते.

तिसऱ्या दिवसाचं गणित समजून घेण्यासारखं आहे. पहिले दोन दिवस चीक येतो, घट्ट, पिवळसर, थोडा. नवजात बाळाचं पोटही तेवढंच असतं, त्यामुळे तो त्याला पुरतो. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान छाती भरून येते. याच दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, आणि ते स्वाभाविक असतं. बाळ सारखं मागतं, दिवसरात्रीत आठ ते बारा वेळा, कधी त्याहून जास्त. भरलेली छाती कडक झाली की बोंड सपाट होतं आणि बाळाला पकडता येत नाही. ते नुसतं बोंड चघळतं. दूध ओढलं जात नाही, बोंडं चिरतात, आई दुखण्यानं आखडते, बाळ रडतं. आणि नेमका याच घडीला घरात डबा येतो. एकदा वरचं दूध पोटात गेलं की बाळ तेवढं कमी ओढतं, आणि जेवढं कमी ओढलं जातं तेवढं कमी तयार होतं. सिस्टरांनी हे समजावताना विहिरीचं उदाहरण दिलं. उपसा चालू असला की झरे मोकळे राहतात, उपसा थांबला की गाळ बसतो. मराठवाड्यातल्या बायकांना याहून अधिक सांगावं लागलं नाही.

गृहआधारित नवजात शिशु काळजी या कार्यक्रमात आशाताईनं दवाखान्यातल्या बाळंतपणानंतर सहा वेळा घरी जायचं असतं. दिवस तिसरा, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. बाळंतपण घरी झालं असेल तर पहिल्या दिवसाची सातवी भेट. हे वेळापत्रक ज्यांनी आखलं त्यांना तिसरा दिवस काय असतो हे पक्कं ठाऊक होतं. आणि त्याचं मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेनं नव्वदच्या दशकात ३९ गावांतल्या बायकांना आरोग्यदूत म्हणून तयार केलं. त्या फार शिकलेल्या नव्हत्या. पण बाळाचा ताप बघणं, श्वास मोजणं, ऊब देणं, पाजायला मदत करणं आणि गरज पडली तर जंतुसंसर्गावर औषध देणं, हे त्या हातानं शिकल्या. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ साली 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. २०११ पासून हीच पद्धत देशभरातल्या आशांना शिकवली जाऊ लागली, चार टप्प्यांत वीस दिवसांचं प्रशिक्षण देऊन.

म्हणजे आपल्याकडे शिकवता येत नाही असं मुळीच नाही. पाया भक्कम आहे. स्तनपानाला चालना देणारं देशव्यापी जाळं, बीपीएनआय, ३ डिसेंबर १९९१ रोजी वर्ध्यात सुरू झालं. आशियातली पहिली मातृदुग्ध पेढी १९८९ साली मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी उभारली. डबे आणि बाटल्यांच्या जाहिरातीवर बंदी घालणारा कायदा १९९२ चा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. त्यानुसार दोन वर्षांखालच्या मुलांसाठीच्या डबाबंद आहाराची जाहिरात करता येत नाही आणि कंपनीला आरोग्य कर्मचाऱ्यांना भेटवस्तू देता येत नाहीत. आयआयटी मुंबईच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात पाजण्याची पद्धत पायरीपायरीनं दाखवणाऱ्या फिल्म आहेत, मराठीतही आहेत. २०१६ च्या ऑगस्टमध्ये केंद्र सरकारनं 'माँ' नावाचा कार्यक्रम सुरू केला, माधुरी दीक्षित त्याचा चेहरा होती.

तरी हॉलमधली बाई म्हणते, सांगतो, दाखवत नाही.

शिकवण्याचा काय फरक पडतो याचे पुरावे जुने आणि ठणठणीत आहेत. हरियाणात एक अभ्यास झाला, २००३ साली तो 'लॅन्सेट'मध्ये आला. त्यात कुठलंही नवं पद निर्माण केलं नाही. ज्या आधीच गावात होत्या त्यांनाच, म्हणजे अंगणवाडी सेविका, एएनएम आणि दाया यांना समुपदेशन शिकवलं. लसीकरणाच्या दिवशी, वजनाच्या दिवशी, गृहभेटीत, जिथे जिथे आई भेटेल तिथे त्यांनी तिच्याशी बोलायचं. तीन महिन्यांच्या मुलांत निव्वळ अंगावर पिणारी मुलं या गावांत ७९ टक्के निघाली, शेजारच्या गावांत ४८ टक्के. जुलाबही कमी झाले. ढाक्यात त्याआधी, २००० साली छापलेल्या अभ्यासात वस्तीतल्याच आया निवडल्या. स्वतः पाजलेलं असावं, किमान चार यत्ता शिकलेली असावी, एवढीच अट. त्यांना ४० तास शिकवलं आणि घरोघर पाठवलं. पाच महिन्यांच्या वयाला निव्वळ अंगावर पिणारी मुलं त्यांच्या वस्त्यांत ७० टक्के होती. जिथे त्या गेल्या नाहीत तिथे ६ टक्के.

हा फरक पोस्टरनं पडलेला नाही. ४० तास, हा आकडा लक्षात ठेवावा. १९९३ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफनं जो अभ्यासक्रम तयार केला तो इतक्या तासांचा आहे आणि त्यातले आठ तास खऱ्या आयांजवळ, खऱ्या बाळांजवळ घालवायचे असतात. आमच्या हॉलमधलं प्रशिक्षण एका दिवसाचं होतं. जेवणाची सुट्टी धरून सहा तास. त्यातही दुपारी दोन ताईंना फोन आला, एकीच्या गावात कळा सुरू झालेली बाई होती, ती ताई उठून गेली. सिस्टरांनी त्या सहा तासांचं सोनं केलं, पण चाळीस तासांचं काम सहा तासांत होत नाही.

दुपारचा भाग मला सगळ्यात मोलाचा वाटला. तो हातांचा नव्हता, कानांचा होता. या शिक्षणाचा अर्धा भाग म्हणजे आईशी कसं बोलायचं, त्याहून जास्त म्हणजे तिचं कसं ऐकायचं. मोकळा प्रश्न विचारायचा. तिचंच म्हणणं तिला परत ऐकवायचं, म्हणजे ती पुढे बोलते. ती जे बरोबर करतेय ते आधी सांगायचं. एका भेटीत एक-दोनच गोष्टी सुचवायच्या, हुकूम करायचा नाही. आणि निवाडा करणारे शब्द टाळायचे. सिस्टरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं, "दूध पुरतंय ना?" आणि खाली विचारलं, यात चूक काय?

कुणालाच चूक दिसेना. आपण सगळ्याच असं विचारतो, मायेनं विचारतो. एका जुन्या आशाताईनं शेवटी ओळखलं. "असं विचारलं की तिच्या मनात येतं, पुरत नसंल का." बरोबर. 'पुरतंय ना' या एका प्रश्नात शंका आईच्या ओटीत टाकली जाते. पाहुणी विचारते, शेजारीण विचारते, नवरा विचारतो, आणि आठव्या दिवशी ती स्वतःच म्हणते, मला दूध कमी आहे. त्याऐवजी "लेकरू कसं पितंय, सांग बरं" असं विचारायचं. मग ती सांगते. रात्री जास्त पितं, डावीकडं धरत नाही, पिता पिता झोपतं. प्रत्येक वाक्यात काहीतरी हाती लागतं.

मग एक छोटं नाटुकलं झालं. एक ताई बाळंतीण, एक सासू, एक आशा. सासू झालेल्या ताईंनी काम असं वठवलं की हॉल गप्प झाला. "आमच्या टायमाला नव्हतं व तुमचं असं. आम्ही मध चाटवला, गुटी दिली, लेकरं वाढलीच की." आशा झालेल्या ताईंचं तोंड उघडलं, आतून नेहमीचं उत्तर आलंच होतं, मध देऊ नका, जंतुसंसर्ग होतो. त्या थांबल्या. मग म्हणाल्या, "मावशी, तुम्ही चार लेकरं वाढवली, तुमच्याएवढं मला कुठून कळणार. तुमच्या छातीला गाठी झाल्या तवा तुम्ही काय करायच्या?" सासूबाई लगेच सांगू लागल्या, गरम पाण्याचा शेक, हातानं दूध काढून टाकायचं, थांबू द्यायचं नाही. "मग हिलाही तेच शिकवा की. तुमच्यासमोर मी दाखवते, तुम्ही बघा बरोबर होतंय का." सासू शत्रू राहिलीच नाही. माझ्या मते त्या दिवसातलं सगळ्यात मोठं शिक्षण ते होतं, आणि ते कुठल्याही पुस्तिकेत इतकं नीट उतरायचं नाही.

दुसऱ्या दिवशी मी नाटुकल्यात आशा झालेल्या त्या ताईंबरोबर गृहभेटीला गेले. गावाबाहेरच्या वस्तीवर पत्र्याचं घर. माहेरी आलेली वीस वर्षांची मुलगी, पहिलटकरीण, बाळ तीन दिवसांचं. खोलीत अंधार, कोपऱ्यात शेगडी, खाटेखाली ओव्याचा धूर. दारातच आजी म्हणाली, "दूध येईना गेलं व ताई. रातभर रडलं लेकरू. शेळीचं आणायला धाडलंय."

ताईंनी पिशवीतून झोळीचा काटा काढला, थर्मामीटर काढलं, घड्याळ काढलं. बाळाचा ताप पाहिला, श्वास मोजले, वजन केलं. दोन हजार सहाशे ग्रॅम. जन्माच्या वेळी दोन हजार सातशे पंचवीस होतं. थोडं उतरलेलं, काळजीचं नाही. एरवी इथे फॉर्म भरून "पाजत राहा गं" म्हणून त्या उठल्या असत्या, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं. त्या दिवशी त्या चटईवर बसल्या आणि म्हणाल्या, "पाज बरं आता. मी बसते."

मुलीनं बाळ घेतलं. अगदी बाहुलीसारखंच, पाठ खाली, मान वळलेली. बोंड तोंडात गेलं तशी तिनं ओठ चावला. ताई काही बोलल्या नाहीत. मग विचारलं, "दुखतंय का?" मुलीच्या डोळ्यांत पाणी. "लई." ताईंनी स्वच्छ करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत सरकवून पकड सोडवली. बोंड दबलेलं, टोकाशी चपटं, कडेला चीर. त्यांनी मला खुणेनं दाखवलं. बाळ नुसतं टोक चावत होतं.

पुढचा पाऊण तास ताईंनी जसा घालवला, तसा वेळ घालवलेला मी कुठल्या दवाखान्यात पाहिला नाही. आधी छाती हलकी केली. कोमट पाण्याचा कपडा, मग अंगठा वर आणि बोटं खाली अशी धरून, काळ्या भागाच्या कडेला छातीकडे दाबत हातानं थोडं दूध काढलं. मुलीनं स्वतःच्या हातानं काढलं, ताईंनी फक्त बोटांची जागा सांगितली. पहिले थेंब आले तसं आजीनं पुढे वाकून पाहिलं. "आहे की व." आहे, हा शब्द त्या घरात तिसऱ्या दिवशी पहिल्यांदा उच्चारला गेला. मग मुलीच्या पाठीशी गोधडीची घडी, म्हणजे ती वाकणार नाही. उजव्या छातीशी पाजायचं तर बाळ डाव्या हातावर, पंजा त्याच्या मानेमागे. पोटाला पोट, डोकं-खांदा-कुल्ला एका रेषेत, नाक बोंडासमोर. बोंड ओठांवरून फिरवायचं आणि थांबायचं. बाळ जांभईसारखा मोठा आ करेपर्यंत थांबायचं, मग बाळाला छातीकडे आणायचं, छाती बाळाकडे न्यायची नाही. पहिल्यांदा जमलं नाही. दुसऱ्यांदाही नाही, बाळ चिडलं. ताईंनी त्याला आईच्या उघड्या छातीवर पालथं टाकलं, वरून पदर ओढला, ते निवलं. तिसऱ्यांदा हनुवटी छातीत रुतली, खालचा ओठ बाहेर उलटला, काळा भाग वरच्या ओठाकडे जास्त दिसू लागला. गाल फुगलेले. आणि मग आवाज आला. घुटुक. थांबून पुन्हा घुटुक.

कुणी बोललं नाही. मुलीनं खांदे खाली सोडले. थोड्या वेळानं ती म्हणाली, "दुखंना झालं."

उठताना ताईंनी दोनच गोष्टी सांगितल्या. रात्रीचं पाजणं चुकवू नको, दूध वाढवणारा रस रात्रीच जास्त सुटतो. आणि आठवड्यानंतर लेकरू दिवसरात्रीत सहा वेळा तरी ओलं करत असलं की समजायचं पोट भरतंय, रडण्यावरून मोजायचं नाही. शेळीच्या दुधाबद्दल त्या चकार शब्द बोलल्या नाहीत. आजीनंच ते चहाला वापरलं आणि आम्हाला दिला.

परतताना ताईंच्या गाडीवर मागे बसून मी हिशेब विचारला. सहाही भेटी पूर्ण झाल्या, फॉर्म तपासला गेला, की २५० रुपये. तिसऱ्या महिन्यापासून पंधराव्या महिन्यापर्यंतच्या पाच भेटींचे प्रत्येकी ५० वेगळे. 'माँ' कार्यक्रमात तिमाही माता बैठकीचे १००. भेट दहा मिनिटांची असली तरी तेवढेच आणि पाऊण तासाची असली तरी तेवढेच. त्या दिवशी त्यांच्या वहीत आणखी दोन बाळंतिणी, एक गोळ्या वाटप आणि ऑनलाइन भरायची एक यादी होती. महाराष्ट्रात अशा ७० हजारांच्या आसपास आशा आहेत. त्यांच्याकडून कौशल्य हवं असेल तर त्या कौशल्याला लागणारा वेळ कुणीतरी मोजायला हवा. आज फॉर्ममध्ये वजनाचा रकाना आहे, तापाचा आहे. "पाजताना बसून पाहिलं, इतकी मिनिटं" असा रकाना मला हवा आहे, आणि त्या मिनिटांचे पैसेही. शिवाय तिच्या मागे उभी राहणारी कुणी हवी. बोंड आत वळलेलं असेल, छातीत गळू होत असेल, बाळ कमी दिवसांचं असेल, तर ताईंनी कुणाला फोन करायचा? उपकेंद्रातल्या सिस्टरला आणि पीएचसीच्या डॉक्टरांनाही हे हातानं यायला हवं. दहा मिलिची सिरिंज टोकाकडून कापून, दट्ट्या उलट्या बाजूनं घालून आत वळलेलं बोंड बाहेर काढता येतं. वीस रुपयांच्या आतली युक्ती आहे. पण डॉक्टरच "डबा लिहून देतो" म्हणाले तर आशाताईच्या पाऊण तासाचं पाणी होतं.

आणखी एक गोष्ट मनातून जात नाही. ती मुलगी आणि तिचा नवरा ऊसतोडीला जातात. दसरा झाला की मुकादम येतो, उचल आधीच घेतलेली असते, दिवाळीच्या मागेपुढे ट्रक निघतात. म्हणजे हा दिवाळी अंक तुमच्या हाती येईल तेव्हा तिचं बाळ तीन महिन्यांचं असेल आणि ती कुठल्यातरी फडावर कोपीत असेल. पहाटे फडात, बाळ कोपीपाशी कुणाकडे तरी किंवा बांधावर झोळीत. सव्वीस आठवड्यांची पगारी बाळंतपणाची रजा देणारा कायदा तिच्यापर्यंत पोचत नाही, कारण कोयत्याला, म्हणजे ऊस तोडणाऱ्या जोडप्याला, हजेरीपट नसतो. तिथल्या गावच्या आशाच्या यादीत तिचं नाव नसतं. इथल्या ताईंची तिसऱ्या महिन्याची भेट कागदावर 'स्थलांतरित' होते. ताईंनी तिला निघण्याआधी हातानं दूध काढून झाकून ठेवायला आणि वाटी-चमच्यानं पाजायला शिकवलं, दुपारच्या सुट्टीत आणि रात्रभर अंगावर घे म्हणून सांगितलं. त्याहून जास्त त्यांच्या हातात काही नव्हतं. साखर कारखान्यांच्या हद्दीतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांनी हंगामापुरती तरी फडावरच्या तान्ह्या बाळांची यादी करावी आणि तिथल्या आशांना या भेटींचे पैसे मिळावेत, ही मागणी अवघड नाही. गळीत हंगामाची तारीख सगळ्यांना महिनाभर आधी कळते. ही बाळंही त्याच ट्रकमधून येतात.

वाचकांना माझी एक विनंती आहे. या दिवाळीत तुमच्या घरी, शेजारी, गावाकडे कुणी बाळंतीण असेल. तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी आशाताई दाराशी येईल. तिला दारातून सही करून परत पाठवू नका. आत बोलवा, बाळंतिणीजवळ बसायला जागा द्या, पाहुण्यांना थोडा वेळ बाहेर बसवा, आणि तिला म्हणा, ताई, एकदा पाजताना बघून जा.